हबशाच्या भूमीत इस्लाम कसा रुजला?



'इस्लामची वाढ' हे शब्द आजकाल आपल्या कानावर दोन प्रकारे पडतात. काही जण ते भीती पसरवण्यासाठी उच्चारतात. आपल्यापैकी काही जण मोठ्या अभिमानाने उच्चारतात. अमुक देशात इतक्या लोकांनी इस्लाम स्वीकारला, तमुक देशात इतक्या मशिदी झाल्या, असे संदेश मोबाईलवर येतात आणि आपली मुले ते पुढे पाठवतात. भीती घालणारा आणि अभिमान बाळगणारा, दोघेही एकच काम करीत असतात. दोघेही डोकी मोजत असतात.

दिव्य कुरआनने मात्र संख्येच्या या हव्यासाबद्दल सावध केले आहे. सूरह तकासुर (102) सांगते की अधिकाची चढाओढ माणसाला कबरीपर्यंत गाफील ठेवते. सूरह तौबाच्या 25 व्या आयतीत हुनैनच्या दिवसाची आठवण आहे: मुसलमानांना आपल्या मोठ्या संख्येचा अभिमान वाटला होता, पण ती संख्या त्यांच्या काहीच कामी आली नाही. आणि लोक झुंडीने अल्लाहच्या धर्मात प्रवेश करीत असल्याचा उल्लेख जिथे आला आहे, त्या सूरह नस्रमध्ये (110) पुढचा आदेश विजयोत्सवाचा नाही. तो तस्बीह आणि क्षमायाचनेचा आहे.

मग इस्लामची वाढ म्हणजे काय? ती कशाने होते, कशाने टिकते आणि कशाने खुंटते? या पाठात आपण हा प्रश्न एका देशाच्या इतिहासातून अभ्यासणार आहोत. तो देश म्हणजे हबशा, आजचा इथिओपिया आणि त्याला लागून असलेला इरिट्रिया. मदीनेच्याही आधी मुसलमानांनी जिथे आश्रय घेतला, तो हा ख्रिस्ती देश.

हबशा आपल्याला परका नाही

महाराष्ट्रातील मुसलमानाला 'हबशी' हा शब्द नवीन नाही. मुरूडजवळच्या जंजिऱ्याचे सिद्दी मूळचे आफ्रिकेतून आलेले. त्यांचे संस्थान 1948 पर्यंत टिकले. अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता पुरुष मलिक अंबर याचा जन्म 1548 च्या सुमारास हबशात झाला. 1610 मध्ये त्याने खडकी वसवली. तेच पुढे औरंगाबाद झाले. 1626 मध्ये तो वारला आणि खुलदाबादला त्याची कबर आहे. इब्राहीम आदिलशहा दुसरा लहान असताना विजापूरचा कारभार काही वर्षे दिलावर खान हबशी याच्या हाती होता. सोलापूरच्या किल्ल्यासाठी निजामशाही आणि आदिलशाही वारंवार झगडल्या आणि 1625 मध्ये तो किल्ला मलिक अंबरने घेतला. सोलापूर आणि विजापूर यांना जोडणाऱ्या ज्या रस्त्यावर आपले मंद्रूप वसले आहे, त्याच्या दोन्ही टोकांच्या इतिहासात हबशी माणसांची नावे आहेत.

या माणसांची मायभूमी चौथ्या शतकापासून ख्रिस्ती होती. अक्सूमचा राजा एझाना याने त्या शतकात ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढे अनेक शतके तेथील सिंहासन व चर्च एकमेकांना धरून राहिले. अशा भूमीत इस्लामचे पहिले पाऊल कसे पडले, ते आता पाहू.

न्यायी राजाचा आश्रय

प्रेषितत्वाचे पाचवे वर्ष, इसवी सन 615. मक्केत ईमानवंतांचा छळ शिगेला पोहोचला होता. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सहाबांना हबशाला जाण्याचा सल्ला दिला. त्याचे कारण सीरतकारांनी नोंदवले आहे: तेथे असा राजा आहे, ज्याच्या राज्यात कोणावर जुलूम होत नाही. क्षणभर थांबून विचार करा. तो राजा तेव्हा मुसलमान नव्हता. प्रेषितांनी (स.) त्याचा धर्म पाहून नव्हे, त्याचा न्याय पाहून आपली माणसे त्याच्या हवाली केली.

पहिल्या तुकडीत अकरा-बारा पुरुष आणि चार स्त्रिया होत्या. त्यांत हजरत उस्मान (रजि.) आणि प्रेषितकन्या हजरत रुकय्या (रजि.) होत्या. नंतरच्या तुकडीत ऐंशीहून अधिक पुरुष आणि अठरा-एकोणीस स्त्रिया गेल्या. कुरैशांना हे सहन झाले नाही. त्यांनी अम्र बिन आस आणि अब्दुल्लाह बिन अबी रबीआ यांना उत्तम कातड्याच्या भेटवस्तू देऊन नजाशी राजाकडे पाठवले. आमची पळून आलेली माणसे परत द्या, अशी त्यांची मागणी होती. नजाशी म्हणाले की त्यांचे म्हणणे ऐकल्याशिवाय मी त्यांना कोणाच्याही स्वाधीन करणार नाही.

दरबारात हजरत जाफर बिन अबी तालिब (रजि.) बोलले. या प्रसंगाचे वर्णन हजरत उम्मे सलमा (रजि.) यांच्याकडून आपल्यापर्यंत आले आहे, त्या स्वतः हिजरत करून हबशात राहिल्या होत्या. जाफर (रजि.) यांनी आधी आपल्या समाजाचे दोष सांगितले: आम्ही मूर्तिपूजा करीत होतो, मेलेले खात होतो, निर्लज्जपणा करीत होतो, नातेसंबंध तोडत होतो, शेजाऱ्याशी वाईट वागत होतो आणि आमच्यातला बलवान दुबळ्याला गिळत होता. मग प्रेषितांनी (स.) काय शिकवले ते सांगितले: एका अल्लाहची उपासना, खरे बोलणे, ठेव परत करणे, नाती जोडणे, शेजाऱ्याशी चांगले वागणे, रक्तपातापासून दूर राहणे, अनाथाचे धन न खाणे, शीलवान स्त्रीवर आळ न घेणे, तसेच नमाज, जकात आणि रोजा.

या यादीकडे बारकाईने पाहा. परक्या दरबारात, जिवावर बेतलेल्या घडीला, इस्लामची ओळख करून देताना जाफर (रजि.) यांनी तौहीदच्या जोडीला शेजारधर्म, सचोटी आणि दुबळ्यांचे रक्षण ठेवले. या गोष्टी ऐकणाऱ्याला स्वतः पडताळून पाहता येण्याजोग्या होत्या. मग नजाशींच्या विनंतीवरून त्यांनी सूरह मरयमचा प्रारंभीचा भाग ऐकवला. राजा रडला, त्याचे धर्मगुरूही रडले. ख्रिस्ती लोकांतील नम्र संन्यासी आणि सत्य ऐकून पाणावणारे डोळे यांचा उल्लेख सूरह माइदाच्या 82 व 83 व्या आयतींत आहे. अनेक भाष्यकारांनी त्यांचा संबंध नजाशी आणि त्यांच्या लोकांशी जोडला आहे.

आदर राखला, सत्य लपवले नाही

दुसऱ्या दिवशी अम्र बिन आस यांनी वेगळा डाव टाकला. हे लोक येशूंबद्दल भलतेच बोलतात, असे त्यांनी राजाला सांगितले. आता खरी परीक्षा होती. गोड बोलून वेळ मारून नेता आली असती. जाफर (रजि.) यांनी तसे केले नाही. हजरत ईसा (अलै.) अल्लाहचे दास आणि प्रेषित आहेत, पवित्र मरयम यांच्याकडे पाठवलेला त्याचा शब्द आणि त्याच्याकडील आत्मा आहेत, असे कुरआनच्या शिकवणीनुसार त्यांनी स्पष्ट सांगितले. नजाशींनी जमिनीवरची एक काडी उचलली आणि ईसा (अलै.) यांच्याबद्दल तू जे सांगितलेस, त्यात या काडीएवढाही फरक नाही, असे उद्गार काढले. सरदार कुरकुरले, पण मुसलमानांना अभय मिळाले आणि कुरैशांच्या भेटवस्तू परत गेल्या.

आदर आणि स्पष्टता एकत्र नांदू शकतात, हे जाफर (रजि.) यांनी दाखवले. सूरह अनकबूतच्या 46 व्या आयतीत ग्रंथधारकांशी उत्तम पद्धतीनेच चर्चा करण्याचा आदेश आहे. उत्तम पद्धतीत समोरच्याचा अपमान बसत नाही आणि आपल्या श्रद्धेची लपवाछपवीही बसत नाही.

तेरा वर्षांचा शेजार

काही सहाबा हबशात तब्बल तेरा वर्षे राहिले. या काळातील दोन घटना विसरू नयेत.

पहिली. नजाशींविरुद्ध एका प्रतिस्पर्ध्याने बंड केले. उम्मे सलमा (रजि.) सांगतात की त्या वेळी मुसलमानांना अतिशय दुःख झाले आणि त्यांनी राजाच्या विजयासाठी दुआ केली. युद्धाची बातमी आणण्यासाठी तरुण जुबैर (रजि.) फुगवलेल्या पखालीवर नाईल नदी पोहून पलीकडे गेले. ज्या देशाने न्याय दिला, त्या देशाचे सुखदुःख त्यांनी आपले मानले.

दुसरी. सीरतकारांच्या नोंदीनुसार उबैदुल्लाह बिन जहश हा मुहाजिर तेथे ख्रिस्ती झाला आणि तेथेच वारला. त्याची पत्नी हजरत उम्मे हबीबा (रजि.) परदेशात एकट्या पडल्या, पण ईमानावर ठाम राहिल्या. पुढे प्रेषितांनी (स.) त्यांना विवाहाचा प्रस्ताव पाठवला आणि स्वतः नजाशींनी तो निकाह लावून महरही दिला. एक माणूस गेला म्हणून मुसलमानांनी यजमानांशी भांडण काढले, असे कोठेही आढळत नाही.

हिजरी सन 7 मध्ये जाफर (रजि.) आणि त्यांचे साथीदार खैबरच्या वेळी प्रेषितांना (स.) येऊन मिळाले. पुढे नजाशी वारले, तेव्हा मदीनेत प्रेषितांनी (स.) त्यांची गायबाना जनाज्याची नमाज पढवली. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. अबू दाऊदच्या संग्रहातील एका हदीसचा आशय असा आहे की हबशी लोक तुमच्या वाटेला जात नाहीत तोवर तुम्हीही त्यांच्या वाटेला जाऊ नका. आरंभीच्या खिलाफतीने सिंधपासून स्पेनपर्यंत मोहिमा काढल्या. हबशाचे राज्य मात्र जिंकायला ती गेली नाही.

व्यापारी, शिक्षक आणि विणकर

मग तेथे इस्लाम वाढला कसा? उत्तर सावकाश उलगडते. आधी किनारा आला. आजच्या इरिट्रियासमोरील दहलक बेटांवर आठव्या शतकाच्या आरंभापासून मुसलमान होते. तेथे आणि आत टिग्राय प्रांतातील क्विहा येथे सापडलेल्या जुन्या अरबी कबरलेखांवरून दिसते की ख्रिस्ती राज्याच्या अगदी मध्यभागी मुसलमान वस्ती शांतपणे नांदत होती. झैला बंदरापासून निघालेल्या व्यापारी वाटांवर पुढे इफात आणि अदल या सल्तनती उभ्या राहिल्या. हरर हे शहर विद्येचे केंद्र बनले. तेथील 82 मशिदींपैकी तीन दहाव्या शतकातील असल्याचे युनेस्कोने नोंदवले असून 2006 मध्ये त्या शहराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

उंच पठारावरच्या ख्रिस्ती प्रदेशातील मुसलमानांना 'जबरती' म्हणतात. तेथे त्यांना बहुधा जमिनीची मालकी मिळत नसे. त्यांनी व्यापार, विणकाम आणि शिवणकाम धरले. सोलापूरच्या मागावर ज्यांचे वाडवडील बसले, त्यांना या माणसांचे जगणे समजावून सांगायला नको. जबरती मुसलमान शेजाऱ्यांचीच टिग्रिन्या किंवा आम्हारिक भाषा बोलत राहिले. वोल्लो प्रांतातील आलिमांनी आम्हारिक भाषेत 'मन्झूमा' नावाच्या भक्तिरचना केल्या. हररच्या विद्वानांनी स्थानिक भाषा अरबी लिपीत लिहिली. दीन शिकवण्यासाठी त्यांनी लोकांची भाषा हिरावली नाही, तिला जवळ केले.

पुढे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत ओरोमो लोकांत इस्लाम पसरला, त्यातही व्यापारी तांडे आणि त्यांच्यासोबतचे शिक्षक यांचा वाटा मोठा होता. जिम्मा हे त्या भागातील इस्लामी शिक्षणाचे केंद्र झाले.

बळजबरीचा हिशेब

इतिहासाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. पठारावरचे ख्रिस्ती सम्राट आणि मुसलमान सल्तनती यांच्यात चौदाव्या शतकापासून लढाया होत राहिल्या. 1529 मध्ये अदलचे इमाम अहमद बिन इब्राहीम यांनी शिंब्रा कुरे येथे सम्राटाच्या सैन्याचा पराभव केला आणि पुढील काही वर्षांत देशाचा मोठा भाग जिंकला. अनेक चर्चे आणि मठ जळाले. जीव वाचवण्यासाठी असंख्य लोकांनी कलमा उच्चारला.

ख्रिस्ती राज्याच्या मदतीला पोर्तुगीज आले, तेही आपल्या शेजारच्या गोव्याहून. 1541 मध्ये गोव्याहून निघालेल्या आरमारातून वास्को द गामाचा मुलगा क्रिस्तोव्हाओ चारशे बंदूकधाऱ्यांसह मस्सावाला उतरला. पुढच्या वर्षी तो मारला गेला. पण 1543 मध्ये इमाम अहमदही रणांगणावर पडले आणि सारी मोहीम कोसळली. भीतीने आलेले बहुसंख्य लोक आपल्या जुन्या धर्मात परतले. ज्या चळवळीने जवळपास सारा देश जिंकला, तिच्या वारसांना काही वर्षांतच हररभोवती बचावाची भिंत बांधावी लागली. मागे उरली ती शतकानुशतकांची कटुता.

उलट उदाहरणही याच देशात आहे. 1878 मध्ये बोरू मेदा येथील धर्मसभेनंतर सम्राट योहान्नेस चौथे यांनी वोल्लोच्या मुसलमानांना ख्रिस्ती होण्याचा हुकूम दिला. कित्येकांनी देश सोडला, कित्येकांनी वरवर हुकूम पाळून घरात नमाज जपली. दक्षिण वोल्लोत आजही मुसलमानच बहुसंख्य आहेत. एका बाजूने केलेली जबरदस्ती टिकली नाही, दुसऱ्या बाजूने केलेलीही टिकली नाही. धर्माच्या बाबतीत बळजबरी नाही, ही सूरह बकराच्या 256 व्या आयतीची शिकवण आणि लोकांना ईमान आणायला भाग पाडण्याबाबत सूरह यूनुसच्या 99 व्या आयतीत विचारलेला प्रश्न, दोन्ही हबशाच्या इतिहासात डोळ्यांनी वाचता येतात.

आणखी एक डाग आहे. हबशातून माणसे गुलाम म्हणून विकली जात आणि त्या व्यापारात मुसलमान सौदागरही होते. बालपणी विकला गेलेला मलिक अंबर त्याच वाटेने अरबस्तान आणि बगदादमार्गे दख्खनला पोहोचला. अल्लाहने त्याला मोठेपण दिले, म्हणून त्याला विकणाऱ्यांचा धंदा पवित्र ठरत नाही. हजरत बिलाल हबशी (रजि.) यांना गुलामीतून सोडवून अजान देण्याचा मान देणारा दीन वेगळा, आणि माणसांचा बाजार मांडणारे लोक वेगळे.

आकडे काय सांगतात?

इथिओपियाच्या 1994 च्या जनगणनेत मुसलमान सुमारे 32.8 टक्के होते. 2007 मध्ये 33.9 टक्के. ऑर्थोडॉक्स आणि प्रॉटेस्टंट ख्रिस्ती मिळून तेथे आजही बहुमतात आहेत. म्हणजे चौदा शतकांच्या सहवासानंतर देश मुख्यतः ख्रिस्तीच आहे आणि तरीही कोट्यवधी मुसलमान त्याचे आपले आहेत. 20 एप्रिल 1974 रोजी अदिस अबाबाच्या रस्त्यांवर मुसलमानांनी समान नागरिकत्वासाठी प्रचंड मोर्चा काढला, तेव्हा अनेक ख्रिस्ती नागरिक त्यांच्यासोबत चालले. त्यानंतर ईदला राष्ट्रीय सुट्टी मिळाली. शेजार जपला, म्हणून शेजारी सोबत आले. या मोर्चाचे मोल टक्केवारीतील एका अंकाच्या वाढीहून अधिक आहे.

आपल्यासाठी धडे

मंद्रूपसारख्या गावात आपण थोडे आहोत. आपल्या भागात मराठी, कन्नड आणि दखनी उर्दू एकाच बाजारात ऐकू येतात. सोलापूर शहरात आपले ख्रिस्ती शेजारीही आहेत. हबशाच्या मुहाजिरांप्रमाणेच आपले दीन लोक आधी आपल्या वागण्यात वाचतात, ग्रंथात नंतर.

1. दावतची सुरुवात व्यवहारापासून होते. आठवडी बाजारातील आपला तराजू, उसने घेतलेल्या पैशाची वेळेवर परतफेड, मजुराची ठरलेली मजुरी, शेजारच्या घरातील आजारपणात केलेली धावपळ, हे सारे जाफर (रजि.) यांच्या भाषणातील वाक्यांचेच आचरण आहे.

2. न्यायी माणसाची कदर करावी, मग त्याचा धर्म कोणताही असो. जे आपल्याशी लढत नाहीत त्यांच्याशी भलाईने आणि न्यायाने वागण्यास सूरह मुम्तहिनाची आठवी आयत सांगते.

3. श्रद्धेबद्दल कोणी विचारले, तर नम्रपणे आणि स्पष्ट उत्तर द्यावे. त्यासाठी आधी आपला अभ्यास हवा. जाफर (रजि.) यांना सूरह मरयम मुखोद्गत होती.

4. मराठी ही आपली भाषा आहे. कुरआनचा संदेश या भाषेत समजून घेणे आणि समजावणे ही जबरती व वोल्लोच्या आलिमांचीच वाट आहे.

5. संख्येचे संदेश पुढे पाठवू नयेत. त्यांतील अनेक खोटे असतात आणि ऐकीव गोष्ट पडताळल्याशिवाय सांगणे हे खोटेपणाला पुरेसे आहे, असा हदीसचा आशय आहे. शिवाय आपला अभिमान शेजाऱ्याच्या मनात भीती बनून उतरतो, हेही लक्षात घ्यावे.

हिदायत देणे अल्लाहच्या हाती आहे. साक्ष देणे आपल्या हाती. हबशात तलवारीने जे आले ते तलवारीबरोबर गेले. व्यापाऱ्याच्या सचोटीने, शिक्षकाच्या धीराने आणि विणकराच्या शेजाराने जे आले ते आजही नांदते आहे.

घरातील अभ्यासासाठी प्रश्न

रात्रीच्या जेवणानंतर कुटुंबाने एकत्र बसून पुढील प्रश्नांवर बोलावे.

- प्रेषितांनी (स.) सहाबांना हबशालाच का पाठवले?
- जाफर (रजि.) यांनी सांगितलेल्या गोष्टींपैकी कोणत्या आपल्या घरात पाळल्या जातात आणि कोणत्या राहून जातात?
- आपल्या आजूबाजूला नजाशींसारखी न्यायाने वागणारी माणसे कोण आहेत? त्यांचे आभार आपण कधी मानले?
- उम्मे हबीबा (रजि.) यांच्या धैर्यातून मुलींनी आणि मुलांनी काय शिकावे?

अल्लाह आपल्याला जाफर (रजि.) यांची वाणी, उम्मे हबीबा (रजि.) यांचा धीर आणि शेजाऱ्याचा विश्वास कमावण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.